रक्षणाचे चार शब्द : इंग्रजी शब्दसंग्रहाच्या इतिहासातील आलापल्लीचा धडा

१

मराठी समीक्षेने इंग्रजीचा विचार मुख्यतः ‘प्रभाव’ या संकल्पनेच्या आधारे केलेला आहे. कादंबरी, लघुकथा, सुनीत हे साहित्यप्रकार कसे आले, वास्तववाद आणि रोमँटिक वृत्ती कशी रुजली, यांची चर्चा विपुल झाली. परंतु हा प्रभाव ज्या वाचकाच्या मनावर पडला, त्या वाचकाने इंग्रजी शब्द मुळात कसा मिळवला, त्याचा अर्थ कोणत्या मार्गाने निश्चित केला, आणि त्या मार्गाने त्याच्या मराठीचे काय केले, हा प्रश्न अध्यापनशास्त्राचा मानून बाजूला ठेवला गेला. वस्तुतः तो अर्थनिर्णयनाचा, म्हणून समीक्षेचाही प्रश्न आहे. प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह कमावणे ही केवळ स्मरणशक्तीची बाब नाही, तिला एक सामाजिक इतिहास आहे, असे प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे.

या इतिहासासाठी येथे पुणे-मुंबईचे उदाहरण घेतलेले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यातल्या आलापल्लीचे घेतले आहे. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली आणि चंद्रपूर यांच्याकडे जाणारे रस्ते येथे एकत्र येतात. माडिया-गोंडी, तेलुगू आणि मराठी या भाषाही येथेच एकमेकींना भेटतात. सागवानासाठी ख्यात असलेल्या या अरण्यात इंग्रजी आली ती शाळा आणि महाविद्यालय यांच्या आधी, वनखात्याबरोबर. त्यामुळे इंग्रजी शब्द कमावण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग येथे शेजारीशेजारी दिसतात. एक कोशाचा, दुसरा व्यवहाराचा.

२

कोशाचा मार्ग आधी पाहू. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये सिद्ध झाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थ यांनी सुरू केले, ते टॉमस कँडी यांनी पूर्ण केले आणि तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. हा क्रम सूचक आहे. राज्यकर्त्यांना आधी मराठी समजून घ्यायची होती. मराठी माणसाला इंग्रजी समजावून देण्याची गरज त्यानंतर भासली. प्रत्येक द्विभाषिक कोशाला अशी एक दिशा असते. कोण कोणाचे शब्द वेचतो आहे, हे त्या दिशेवरून कळते.

इंग्रजी-मराठी कोशकारांपुढे आणखी एक अडचण होती. इंग्रजी शब्दसंपत्ती दुपदरी आहे. घर, पाणी, खाणेपिणे, नातीगोती यांचे शब्द जर्मानिक मुळाचे. कायदा, तत्त्वज्ञान, विज्ञान, प्रशासन यांचे बहुतांश शब्द लॅटिन, फ्रेंच किंवा ग्रीक मुळाचे. आपण ज्याला ‘प्रगत शब्दसंग्रह’ म्हणतो, तो प्रामुख्याने हा दुसरा पदर होय. मराठीतही तद्भव-देशी आणि तत्सम असे पदर आहेत. एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकारांनी इंग्रजीच्या लॅटिन पदरासमोर मराठीचा संस्कृत पदर ठेवला. हे सोयीचे होते, कारण दोन्हीकडे उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांची घडण सारखीच पारदर्शक होती. ज्याला संस्कृत अवगत होते, त्याला प्रगत इंग्रजी शब्द परका वाटला तरी त्याच्या घडणीची रीत परकी वाटली नाही. शब्दरूपे पाठ करून वाढलेला विद्यार्थी इंग्रजीचे उपसर्गही त्याच शिस्तीने आत्मसात करू शकत होता.

इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याची प्रथा त्या काळापासूनची आहे. ते दूध पचवण्यासाठी लागणारा जठराग्नी मात्र सर्व समाजांत सारखा वाटला गेलेला नव्हता, ही गोष्ट त्या रूपकात झाकली गेली. लॅटिन पदराची किल्ली संस्कृत पदरात ठेवली गेल्यामुळे, ज्याच्या हाती दुसरा पदर नाही त्याला पहिलाही दुरावला.

३

आता व्यवहाराचा मार्ग. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा ब्रिटिश अमलाखाली आला. मध्यप्रांताची स्थापना १८६१ ची. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ मध्ये वनकायदे झाले आणि १८७८ मध्येच देहरादून येथे वनशाळा सुरू झाली. ब्रँडिस आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले श्लिख व रिबेनट्रॉप हे तिघेही जर्मन होते. हिंदुस्थानी वनशास्त्राची परिभाषा इंग्रजीत लिहिली गेली असली, तरी तिची घडण जर्मन आणि फ्रेंच वनविद्येत झाली.

या परिसरात रेंज, बीट, गार्ड, डेपो, कूप हे शब्द कोणत्याही कोशाच्या मदतीशिवाय लोकभाषेत मिसळले. ‘कूप’ या शब्दाचे उदाहरण उद्बोधक आहे. तोडणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून झालेला हा शब्द, त्या वर्षीच्या तोडीसाठी आखलेल्या वनखंडाला लावला जातो. मराठी लिपीत तो विहिरीचा अर्थ असलेल्या संस्कृत ‘कूप’ शब्दाशी एकरूप झाला. पण कूपकटाईला जाणाऱ्या मजुराच्या मनात या दोन शब्दांचा घोटाळा होत नाही, कारण त्याने हा शब्द विहिरीशेजारी ऐकलेला नाही. कुऱ्हाड, करवत आणि मजुरीचा हिशेब यांच्या सान्निध्यात ऐकलेला आहे.

शासनाने पुढे या शब्दांना मराठी पर्याय दिले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश निघाले. त्याआधीही, चांदा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असताना, डॉ. रघुवीर यांचे संस्कृतनिष्ठ परिभाषेचे कार्य काही काळ नागपुरातून चालले होते. गार्ड ‘वनरक्षक’ झाला, रेंजला ‘परिक्षेत्र’, बीटला ‘नियतक्षेत्र’ आणि कंपार्टमेंटला ‘कक्ष’ असे पर्याय आले. हे पर्याय कागदावर स्थिरावले. बोलण्यात मात्र ‘बीट’ टिकले. यात मराठीचा पराभव पाहण्याचे कारण नाही. ‘बीट’ हा शब्द वापरातून शिकलेला होता, ‘नियतक्षेत्र’ हा कागदावरून शिकायचा होता, आणि त्यासाठी ‘नियत’ म्हणजे काय हे आधी माहीत असावे लागत होते. ज्या ठिकाणी इंग्रजी शब्द देशी झाला आणि मराठी शब्द परका राहिला, त्या ठिकाणी ‘देशी’ आणि ‘परकी’ या संज्ञा केवळ व्युत्पत्तीवरून ठरवता येत नाहीत.

४

या दोन मार्गांतील भेद समजण्यासाठी भारतीय शब्दार्थमीमांसेतील ‘शक्तिग्रह’ ही संकल्पना उपयुक्त ठरते. शब्दाच्या अर्थाचे ज्ञान कशाने होते, याची आठ साधने नैयायिक परंपरेत सांगितली जातात : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि सिद्धपदाचे सान्निध्य. यांपैकी व्यवहार हे मूळ साधन मानले गेले. मूल वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकते, त्यानुसार घडलेली कृती पाहते आणि शब्द कोणत्या वस्तूशी बांधलेला आहे हे ठरवते. कोश हे आठांतील एक साधन आहे. आपल्या इंग्रजी शिक्षणाने त्या एकाला जवळजवळ आठांची जागा दिली. फळ्याच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी ‘अर्थ’, ही शब्दार्थाची वही हे तिचे दृश्य रूप.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य जगात या प्रश्नाची वेगळी मांडणी झाली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये वारंवारतेच्या आधारे दहा हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात अध्यापकांच्या शिक्षणाचे काम करताना बंगाली मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला आणि १९२६ मध्ये द्विभाषिकतेवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. मर्यादित शब्दांत वाचन शिकवण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली आणि सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी शब्दसंग्रहाच्या आधुनिक शास्त्राचा एक उगम असा आपल्याच उपखंडात आहे. नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ चे अमेरिकन पुस्तक आजही आपल्याकडच्या स्पर्धापरीक्षार्थींच्या हाती असते. त्याचा भर लॅटिन-ग्रीक धातूंवर आहे. २००० मध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात विषयनिरपेक्षपणे येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी केली. पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार मूळ इंग्रजी ग्रंथ कोणाच्या मदतीविना वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. म्हणजे मजकुरातील ९८ टक्के शब्द वाचकाला आधीच माहीत असतात आणि पन्नासांत एखादाच शब्द अपरिचित उरतो.

नैयायिक परिभाषेत सांगायचे तर हा सिद्धपदसान्निध्याचाच हिशेब आहे. अपरिचित शब्दाचा अर्थ शेजारच्या परिचित शब्दांवरून लावता येतो. पण शेजारच परिचित नसेल तर संदर्भ मुका राहतो. ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ हा उपदेश म्हणूनच ज्याच्याजवळ शब्द आहेत त्यालाच उपयोगी पडतो. ज्याच्याजवळ नाहीत, त्याच्यासाठी संदर्भ आधी उभारावा लागतो.

५

तो कोठून उभारायचा? आलापल्लीचे अरण्य याचे उत्तर देऊ शकते. आलापल्लीजवळ नैसर्गिक वनाचा एक लहान तुकडा १९५३ पासून तोडीविना राखलेला आहे. इंग्रजीत त्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ आणि मराठीत ‘वनवैभव’ असे म्हणतात. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. या एका परिसरात प्रगत इंग्रजीचे चार शब्द अक्षरशः जमिनीवर आखलेले सापडतात : रिझर्व्ह, प्रोटेक्ट, प्रिझर्व्ह आणि कन्झर्व्ह. राखीव वन हे रिझर्व्ह्ड, संरक्षित वन हे प्रोटेक्टेड, वनवैभवासारखा तुकडा हा प्रिझर्व्हेशन प्लॉट आणि वनसंरक्षक हा कन्झर्व्हेटर.

यांपैकी रिझर्व्ह, प्रिझर्व्ह आणि कन्झर्व्ह हे तीन शब्द ‘सेर्व्हारे’, म्हणजे राखणे, या एकाच लॅटिन धातूपासून आलेले आहेत, भेद उपसर्गांचा. एकात मागे राखून ठेवणे, दुसऱ्यात आधीच जपणे, तिसऱ्यात साकल्याने सांभाळणे. चौथा, प्रोटेक्ट, ‘झाकणे’ या अर्थाच्या वेगळ्या धातूचा. मराठीतही ‘राखीव’, ‘संरक्षित’, ‘परिरक्षण’, ‘संरक्षक’ हे सारे शब्द रक्ष् या एका धातूकडे जातात. ‘राखीव’ हा प्राकृतातून आलेला तद्भव, बाकीचे तत्सम. म्हणजे राखणदार हा शब्द ज्याच्या घरात बोलला जातो, त्याला या चारही इंग्रजी शब्दांच्या अंगणापर्यंत नेता येते. त्यासाठी त्याला आधी संस्कृत शिकवावे लागत नाही. ‘राखणे’ आणि ‘रक्षण’ यांतील नाते एकदा दाखवावे लागते.

पण नाते दाखवले की अर्थ हाती आला, असे होत नाही. सोस्यूर यांनी चिन्हाचा अर्थ आणि त्याचे मूल्य यांत भेद केला. शब्दाचे मूल्य त्याच व्यवस्थेतील इतर शब्दांशी असलेल्या विरोधातून ठरते. इंग्रजीत कन्झर्व्ह आणि प्रोटेक्ट हे दोन आहेत. प्रशासकीय मराठीने दोन्हींसाठी ‘संरक्षण’ हा एकच शब्द योजला. त्यामुळे ‘वनसंरक्षक’ आणि ‘संरक्षित वन’ यांतील ‘संरक्षण’ एकच आहे असा भास होतो. वनसंरक्षकाचे काम मात्र केवळ वन झाकून ठेवण्याचे नसते. कार्ययोजनेनुसार तोड करणे आणि तोडलेले पुन्हा वाढवणे हेही त्यात येते. या अर्थाने कूप आणि कन्झर्व्हेटर हे परस्परविरोधी शब्द नाहीत. वहीतल्या उजव्या रकान्यात हे कधीच उमटत नाही.

कायद्यात हा भेद अधिक तीक्ष्ण होतो. १८७८ च्या आणि त्यानंतर १९२७ च्या वनकायद्यात राखीव वनात जे स्पष्टपणे अनुज्ञात नाही ते निषिद्ध असते. संरक्षित वनात जे स्पष्टपणे निषिद्ध नाही ते अनुज्ञात असते. ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ हे बोलण्यात जवळपास समानार्थी असलेले शब्द येथे नेमके उलटे वागतात. सरपण आणणाऱ्या बाईच्या दृष्टीने या दोन विशेषणांत तिच्या दिवसाचा फरक आहे. प्रगत शब्दसंग्रह म्हणजे दुर्मीळ शब्दांचा साठा, ही समजूत येथे अपुरी ठरते. प्रगती आहे ती परिचित शब्दाचा नेमका विनियोग ओळखण्यात.

६

असाच आणखी एक शब्द ‘मायनर’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अधिक लहान. वनखात्याने इमारती लाकूड हे मुख्य उत्पन्न मानले आणि तेंदूपाने, मोह, डिंक, बांबू यांसारख्या उपजाला ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ म्हटले. मराठीत ते ‘गौण वनोपज’ झाले. खात्याच्या ताळेबंदात जे गौण, ते गावाच्या चुलीशी मुख्य. विशेषण कोणाच्या दृष्टीतून आले आहे, हे शब्दातच साठवलेले असते. कोश ते उघड करत नाही, वाचन करते.

बांबूच्या बाबतीत हा अर्थवाद न्यायाचा प्रश्न झाला. १९२७ च्या कायद्यातील ‘ट्री’ या संज्ञेच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र बांबू हे गवत. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घातले. गडचिरोली जिल्ह्याच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला. १९२७ च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने मेंढ्यात चाललेल्या अभ्यासगटांनी या सर्व काळात कायदा वाचला, त्यातील संज्ञांवर गावात चर्चा केली. ‘हक्क’ आणि ‘सवलत’ यांतील भेद हा तेथे व्याकरणाचा धडा नव्हता. १८७८ च्या कायद्याच्या वेळी बेडन-पॉवेल यांनी गावकऱ्यांच्या वापराला ‘राइट’ न मानता ‘प्रिव्हिलेज’ मानावे अशी बाजू मांडली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ‘राइट’ हा शब्द कायद्याच्या नावातच आला. प्रगत इंग्रजी शब्द शिकण्याचा याहून अर्थपूर्ण वर्ग या जिल्ह्यात क्वचितच भरला असेल. आणि तो गावाच्या स्वतःच्या भाषेत भरला होता, हे महत्त्वाचे.

७

शब्द वेचण्याची दिशा हा आरंभीचा मुद्दा येथे पुन्हा घ्यायला हवा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली गोंडांविषयीची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी संपादित केली. ए. एन. मिचेल यांचे माडिया-गोंडीचे व्याकरण १९४२ चे. बरो आणि भट्टाचार्य यांनी गोंडी बोलींचा तुलनात्मक शब्दसंग्रह १९६० मध्ये प्रसिद्ध केला. हे सारे इंग्रजीत आहे. म्हणजे इंग्रजीने माडिया शब्द वेचले, मराठीने इंग्रजी शब्द वेचले आणि माडिया मुलाने मराठी शब्द वेचावेत अशी अपेक्षा राहिली. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प उभा राहिला आणि १९७६ मध्ये त्याची आश्रमशाळा. त्यानंतर २००० मध्ये राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणली. मध्यमवर्गीय मराठी मुलासाठी ती दुसरी भाषा होती. भामरागडच्या मुलासाठी तिसरी किंवा चौथी. त्याला प्रगत इंग्रजी शब्द मिळतो तो ज्या मराठीच्या मार्फत, ती संस्कृतप्रचुर मराठीच त्याला अनोळखी असते. ‘डेसिड्युअस’ या शब्दासमोर ‘पर्णपाती’ लिहिले तर एका कुलपाला दुसरे कुलूप लावल्यासारखे होते. ‘पानझडी’ लिहिले तर तो ज्या झाडांखालून शाळेत येतो ती झाडे शब्दात येतात. लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही गळून पडणे हाच आहे. येथे देशी मराठी शब्द लॅटिन धातूच्या तत्सम शब्दाइतकाच जवळ आहे. एकोणिसाव्या शतकाने घातलेली संस्कृतची अट अनिवार्य नव्हती, याचा हा लहानसा पण निर्णायक पुरावा होय.

उलट दिशेचे उदाहरण मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचे. विदर्भातील अरण्यांत वनाधिकारी म्हणून वावरताना त्यांनी इंग्रजी वनविद्या आत्मसात केली, आदिवासींकडून पशुपक्ष्यांची नावे ऐकली आणि पक्षिकोशासारख्या ग्रंथांतून ती मराठीत आणली. हेरॉनरीसाठी ‘सारंगागार’, रूकरीसाठी ‘काकागार’ असे शब्द त्यांनी रूढ केले. हे शब्द संस्कृतच आहेत; तरी ते कृत्रिम वाटत नाहीत, कारण कोशात जाण्यापूर्वी ते ललित गद्यात वावरले. वाचकाने ते पाणथळ, झाडे आणि घरटी यांच्या वर्णनात भेटल्यावर शिकले. तत्सम की देशी, या वादापेक्षा शब्द वाक्यातून आला की यादीतून, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, असे चितमपल्लींच्या लेखनावरून म्हणता येते.

८

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला अध्यापनाचा. वारंवारतेच्या याद्या आणि धातूंची पुस्तके टाकाऊ नाहीत. कोणते शब्द आधी घ्यावेत एवढे त्या सांगतात. पण अर्थ निश्चित होतो तो व्यवहारात, आणि प्रगत शब्दांचा व्यवहार ग्रंथातच असतो असे नाही. आलापल्लीच्या विद्यार्थ्यासाठी वनकायद्याचे एक कलम, ग्रामसभेचा एक ठराव, कार्ययोजनेचे एक पान ही परक्या प्रदेशातल्या उताऱ्यापेक्षा अधिक सुपीक पाठ्यसामग्री आहे. त्यातील निम्मे अर्थ त्याला शब्दांआधीच माहीत असतात. त्याच्याजवळ वस्तू आहे, शब्द नाही. शहरी विद्यार्थ्याची स्थिती पुष्कळदा याच्या उलट असते.

दुसरा निष्कर्ष समीक्षेचा. इंग्रजीने मराठी साहित्यावर काय परिणाम केला हे विचारताना, इंग्रजी शब्द कोणत्या मराठीच्या आधाराने समजून घेतला गेला हे विचारावे लागेल. ज्यांच्या संस्कृत पदरातून तो समजला, त्यांचे लेखन मराठी वाङ्मयेतिहासात ठळक झाले. ज्यांनी तो कूप, डेपो आणि बीट यांच्या कामातून समजून घेतला, त्यांची या इतिहासात नोंद नाही. ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ यांतील भेद त्यांनी कोशकारांपूर्वी ओळखला होता, कारण त्या भेदाची किंमत त्यांनीच मोजली होती.